दुखण्याची वाट न पाहता : मधुमेहाचे दूरगामी परिणाम टाळण्याविषयी

कापूरबावडी आणि कशेळी यांच्या दरम्यान, जुन्या आग्रा रस्त्यालगत वसलेले ठाण्याचे बाळकुम हे मुळात भातशेतीवर आणि खाडीवर जगणारे आगरी-कोळ्यांचे गाव होते. गेल्या काही दशकांत त्याच्या भोवती उंच गृहसंकुले उभी राहिली, शेते बांधकामाखाली गेली आणि नांगरणी-लावणीच्या अंगमेहनतीची जागा बैठ्या कामाने व लांबच्या प्रवासाने घेतली. ताटातला भात आणि तांदळाची भाकरी मात्र पूर्वीइतकीच राहिली. जुन्या गावठाणातील कुटुंब असो वा नव्या संकुलात राहायला आलेले नोकरदार कुटुंब असो, कष्ट घटले आणि आहार तसाच राहिला किंवा वाढला, हे दोघांच्याही बाबतीत खरे आहे, आणि ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या संपूर्ण पट्ट्यातील मधुमेहाचे हे एक प्रमुख कारण आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे रक्तातील साखर सामान्य पातळीच्या वर पण मधुमेहाच्या मर्यादेच्या खाली असण्याच्या अवस्थेत आहेत. भारतीय माणूस तुलनेने कमी वजनातही या आजाराला बळी पडतो, याचा उलगडा होण्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाची मोठी मदत झाली. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की, तेथील नवजात बालके युरोपीय बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. त्यामुळेच भारतीयांसाठी धोक्याची मर्यादा अलीकडे ओढलेली असते : पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की वजनाचा काटा काहीही सांगो, तपासणी करून घ्यावी.

मात्र मधुमेहाचे निदान झालेल्या व्यक्तीसमोरचा खरा प्रश्न वेगळा असतो. हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. डोळा, मूत्रपिंड, मज्जातंतू आणि हृदय यांना होणारी इजा वर्षानुवर्षे निमूटपणे वाढत जाते, आणि लक्षण जाणवते तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. ‘काही त्रास होत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे’ हा समज म्हणूनच मधुमेहात सर्वांत घातक ठरतो. या आजारात तपासणीची वेळ दुखण्याने ठरवायची नसते, ती दिनदर्शिकेने ठरवायची असते. पुढील सर्व मार्गदर्शनाचा पाया हाच आहे.

इजा कशी होते

मधुमेहाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि त्यामुळे इन्सुलिन बाहेरून घेणे अनिवार्य असते. दुसऱ्या प्रकारात, जो बहुसंख्य रुग्णांत आढळतो, इन्सुलिन तयार होते पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि हळूहळू त्याचे प्रमाणही अपुरे पडू लागते. दोन्ही प्रकारांत रक्तात साखर साचून राहते आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला व मज्जातंतूंना इजा करते. डोळ्याच्या पडद्यातील आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्यांवर तिचा परिणाम लवकर होतो, तर हृदय, मेंदू व पाय यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या बाबतीत साखरेच्या जोडीला वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू हे घटकही तितकेच कारणीभूत असतात.

ही इजा टाळता येते, याचे भक्कम पुरावे उपलब्ध आहेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या अभ्यासात, साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्याच्या पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांवरील ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले आणि त्यात सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारांत २५ टक्क्यांची घट दिसली. दहा वर्षांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा सुरुवातीच्या चांगल्या नियंत्रणाचा लाभ, पुढे दोन्ही गटांतील साखरेची पातळी सारखीच होऊनही, टिकून असल्याचे आढळले. निदानानंतरची पहिली काही वर्षे, ज्या काळात रुग्णाला बरे वाटत असते आणि औषध टाळण्याचा मोह होतो, तीच सर्वाधिक मोलाची असतात, हे त्यातून स्पष्ट होते.

लक्षात ठेवायचे आकडे

उपाशीपोटी साखर प्रति डेसिलिटर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक असणे, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असणे, हा मधुमेहाच्या निदानाचा निकष आहे. लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने त्याची खातरजमा केली जाते. एचबीए१सी म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे याचे मोजमाप असून त्यातून मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी कळते, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळून हा आकडा सुधारता येत नाही. तथापि रक्तक्षय किंवा सिकलसेल असल्यास तो दिशाभूल करू शकतो. ठाणे व पालघर जिल्ह्यांतील आदिवासी समाजात सिकलसेल आढळत असल्याने अशा रुग्णांनी त्याची कल्पना डॉक्टरांना आधीच द्यावी.

बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी एचबीए१सी ७ टक्क्यांच्या खाली, उपाशीपोटी साखर ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, तसेच रक्तदाब १३०/८० च्या आत, अशी उद्दिष्टे ठेवली जातात. वयोवृद्ध, एकट्या राहणाऱ्या किंवा वारंवार साखर उतरणाऱ्या रुग्णांसाठी ही उद्दिष्टे सैल करावी लागतात. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू होत नाही. आपले उद्दिष्ट डॉक्टरांकडून ठरवून घेऊन ते तपासणीच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

ताटातील बदल

पथ्य म्हणजे घरचे अन्न सोडून देणे नव्हे, तर त्याचे प्रमाण आणि क्रम बदलणे होय. ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबिरीने, पाव भाग मासे, अंडी, डाळ किंवा उसळीने आणि उरलेला पाव भाग भात किंवा भाकरीने भरावा. आगरी-कोळी स्वयंपाकात ताज्या मासळीच्या रूपाने उत्तम प्रथिने सहज मिळतात, ही जमेची बाजू आहे. अडचण येते ती कालवणासोबत पुन्हा पुन्हा वाढून घेतल्या जाणाऱ्या भाताची आणि तांदळाच्या भाकरीनंतर वर भात घेण्याच्या सवयीची. एका जेवणात भाकरी किंवा भात यांपैकी एकच पदार्थ घेणे, आधी भाजी व मासळी खाऊन मग भाताकडे वळणे आणि मासे खरपूस तळण्याऐवजी कालवणात शिजवणे किंवा थोड्या तेलात परतणे, एवढ्या बदलांनीही जेवणानंतरची साखर कमी चढते. नाचणी किंवा ज्वारीची भाकरी तंतुमय असल्याने अधिक चांगली, पण तीही पिष्टमय असल्यामुळे हवी तितकी खाण्याची मुभा मिळत नाही.

सुक्या मासळीचा विचार साखरेपेक्षा रक्तदाबाच्या अंगाने करावा लागतो. मीठ लावून खारवलेल्या बांगड्यात किंवा सुरमईत मिठाचे प्रमाण फार असते, त्या मानाने उन्हात नुसते वाळवलेले बोंबील किंवा जवळा बरे असतात. खारी मासळी खायचीच असल्यास ती कोमट पाण्यात भिजवून, दोन-तीन वेळा पाणी बदलून धुवावी, शिजवताना वरून मीठ घालू नये आणि त्याच जेवणात लोणचे व पापड टाळावेत. दिवसभरातील एकूण मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याच्या आत असावे.

गूळ, मध आणि खजूर हे साखरेला निरुपद्रवी पर्याय आहेत, हा समज चुकीचा आहे. रक्तातील साखर तेही वाढवतात. फळांचा रस पिण्यापेक्षा फळ चावून खावे, आणि आंब्याच्या मोसमात एखाद-दुसरी फोड जेवणानंतर लगेच न घेता दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घ्यावी.

चालणे आणि तंबाखू

आठवड्यात किमान १५० मिनिटे वेगाने चालणे आणि दोन ते तीन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करणे आवश्यक आहे. सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, कारण इन्सुलिनला दाद देण्याची स्नायूंची वाढलेली क्षमता तेवढ्यात ओसरू लागते. कामावर जाण्यासाठी रोज तास-दीड तास प्रवास करणाऱ्यांना सकाळी वेळ मिळत नसेल, तर प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरी हा उत्तम पर्याय ठरतो. मात्र लोकलमध्ये तासभर उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

तंबाखूच्या बाबतीत विडी-सिगारेटबरोबरच मशेरीचाही उल्लेख आवर्जून करावा लागतो. दात घासण्याच्या निमित्ताने अनेक घरांतील, विशेषतः वयस्क, स्त्रिया दिवसातून दोन-तीन वेळा मशेरी लावतात आणि ती तंबाखूच आहे याचा विचार त्यांच्या मनात येत नाही. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारल्यावर उत्तर नकारार्थी येते. तंबाखूमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हिरड्यांचे विकारही बळावतात आणि हिरड्यांतील जंतुसंसर्ग साखरेला आटोक्यात येऊ देत नाही. म्हणून घरच्या मंडळींनी मशेरीची सवय डॉक्टरांना स्वतःहून सांगावी आणि ती सोडण्यासाठी मदत मागावी.

औषधे, इन्सुलिन आणि साखर उतरणे

‘एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही’ किंवा ‘गोळ्यांनी किडनी जाते’ या भीतीपोटी अनेक जण औषध मध्येच बंद करतात, पण प्रत्यक्षात मूत्रपिंडाची हानी होते ती बहुधा अनियंत्रित साखर व रक्तदाब यांमुळे. मेटफॉर्मिन हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी अधूनमधून करावी, कारण त्याच्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात आणि तो मधुमेहाचाच परिणाम असल्याचा गैरसमज होऊ शकतो. अलीकडच्या काही औषधांनी साखरेबरोबरच हृदय व मूत्रपिंड यांचेही संरक्षण होते, म्हणून या अवयवांचा विकार असलेल्यांनी त्यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

इन्सुलिन सुरू होणे म्हणजे आजार शेवटच्या टप्प्यावर पोहोचणे नव्हे. न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्यात, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नयेत, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे बाहेर चालते. एप्रिल-मे महिन्यांत घर तापत असेल आणि फ्रिज नसेल, तर ती बंद डब्यात घालून तो डबा पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावा.

रक्तातील साखर ७० च्या खाली जाणे ही तातडीची अवस्था आहे. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकाएकी भूक लागणे किंवा बोलणे अडखळणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी, ती अजून कमी असल्यास तेवढेच पुन्हा घ्यावे आणि नंतर जेवून घ्यावे. चॉकलेट किंवा बिस्कीट यांतील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते, म्हणून ती पहिला उपाय ठरू शकत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या ठरावीक गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज पावडर नेहमी ठेवावी, कारण लोकल मध्येच थांबली किंवा घोडबंदर रस्त्यावर वाहतूक अडकली, तर जेवणाची वेळ तासाभराने सहज पुढे जाते. रुग्ण बेशुद्ध झाल्यास त्याच्या तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

पायांची निगा

दूरगामी परिणामांपैकी सर्वाधिक टाळता येण्याजोगा परिणाम म्हणजे पायाची जखम चिघळून पाय कापावा लागणे. मज्जातंतूंची संवेदना कमी झाली की काटा बोचलेला कळत नाही, रक्तपुरवठा कमी झाला की जखम भरत नाही आणि साखर वाढलेली असली की जंतू झपाट्याने वाढतात. हे तिन्ही एकत्र आले की चपलेच्या एका खिळ्यापासून सुरू झालेला प्रकार काही आठवड्यांत शस्त्रक्रियेपर्यंत जातो.

म्हणून रोज रात्री झोपण्यापूर्वी चांगल्या उजेडात बसून दोन्ही पाय तपासावेत. आधी वरचा भाग, मग प्रत्येक दोन बोटांमधली जागा, मग टाच आणि शेवटी जमिनीवर आरसा ठेवून तळवा पाहावा. दृष्टी कमी असल्यास हे काम घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावे. भेग, फोड, लाली, सूज, काळी पडलेली त्वचा किंवा एकाच जागी लागणारी उष्णता, यांपैकी काहीही आढळल्यास ते न दुखणे हे समाधानाचे नव्हे तर चिंतेचे कारण मानावे आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पाय धुतल्यावर बोटांच्या फटी कोरड्या कराव्यात, टाचेला खोबरेल तेल किंवा मलम लावावे पण फटींत लावू नये, नखे सरळ कापावीत आणि कुरूप ब्लेडने स्वतः कापू नये.

घरातही अनवाणी चालू नये. खाडीच्या चिखलात उतरणाऱ्या किंवा मासळी साफ करणाऱ्या व्यक्तीला शिंपला किंवा माशाचा काटा लागण्याचा धोका असतो, तर पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून जावे लागल्यास बंद गमबूट घालणे आणि घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करणे अत्यावश्यक असते. कार्ल्याच्या एकवीरा देवीला किंवा अन्यत्र अनवाणी जाण्याचा नवस असल्यास, संवेदना कमी झालेल्या रुग्णाने तो पादत्राणे घालून पूर्ण करावा. मंदिराच्या आवारात उन्हाने तापलेल्या फरशीवर तळवे भाजूनही ते कळत नाही, म्हणून तेथे जाड मोजे घालावेत आणि दर्शनाची वेळ सकाळची निवडावी.

डोळे, मूत्रपिंड आणि हृदय

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदानाच्या वेळीच आणि त्यानंतर दरवर्षी डोळ्याच्या पडद्याची तपासणी करावी. पहिल्या प्रकारात ती निदानापासून पाच वर्षांच्या आत सुरू करावी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. तिच्यात बहुधा थेंब घालून बाहुली मोठी केली जाते, त्यामुळे पुढचे काही तास अंधूक दिसते आणि स्वतः दुचाकी चालवत जाणे टाळावे लागते. पडद्यावरील बिघाड वेळेवर सापडल्यास लेझर किंवा इंजेक्शनने दृष्टी टिकवता येते, परंतु गेलेली दृष्टी पूर्णपणे परत मिळतेच असे नाही.

मूत्रपिंडासाठी दरवर्षी दोन तपासण्या लागतात. पहिली लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या क्रिएटिनिनशी असलेल्या प्रमाणाची. हे प्रमाण ३० च्या वर जाणे ही धोक्याची पहिली सूचना असते आणि ती पायावर सूज येण्याच्या कित्येक वर्षे आधी मिळते. दुसरी रक्तातील क्रिएटिनिनची, ज्यावरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढली जाते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक ठाऊक नसलेली भस्मे किंवा पुड्या मूत्रपिंडाला थेट इजा करू शकतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

मधुमेही व्यक्तीला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो; अचानक दम लागणे, थंड घाम किंवा विनाकारण आलेला थकवा ‘पित्त झाले’ म्हणून अंगावर काढू नये. डेन्मार्कमधील १६० रुग्णांच्या अभ्यासात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सवयी या सर्वांवर एकत्र उपचार झालेल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या. केवळ साखर पाहणे पुरेसे नाही, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

उपवास, सण आणि आजारपण

साबुदाणा, बटाटा व वरी हे उपवासाचे पदार्थ मुख्यतः पिष्टमय आहेत, त्यामुळे उपवासाच्या दिवशी साखर एकाच दिवसात फार चढण्याचा आणि जेवणाच्या लांब अंतरामुळे फार उतरण्याचाही धोका असतो. श्रावण किंवा नवरात्र सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचे व इन्सुलिनचे प्रमाण बदलून घ्यावे. ताप, उलट्या किंवा जुलाब झाल्यास इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये, साखर अधिक वेळा मोजावी आणि कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या हे आधीच विचारून ठेवावे. मधुमेह असलेल्यांना संसर्ग किती महागात पडतो, हे २०२० व २०२१ च्या कोविड साथीत, बाळकुम-साकेत येथील ग्लोबल हब इमारतीत मोठे रुग्णालय उभारावे लागले त्या काळात, आणि त्यापाठोपाठ आलेल्या म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य संसर्गाच्या प्रकोपात दिसून आले. फ्लू व न्यूमोनियाच्या लशींविषयी म्हणूनच डॉक्टरांशी बोलावे.

वर्षाचे वेळापत्रक

सर्व तपासण्या एका ठरावीक क्रमाला बांधल्या की त्या चुकत नाहीत. एचबीए१सी आणि वजन दर तीन महिन्यांनी, नियंत्रण स्थिर असल्यास सहा महिन्यांनी. रक्तदाब प्रत्येक भेटीत. डोळ्याचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, दात आणि डॉक्टरांकडून तंतूने व कंपन-काट्याने केलेली पायांच्या संवेदनेची तपासणी वर्षातून एकदा. वजन घटवून ज्यांची साखर औषधाविना सामान्य झाली आहे, त्यांनीही हा वार्षिक क्रम सोडू नये.

खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील व्यक्तींची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, आणि जनऔषधी केंद्रांत बहुतेक जुन्या, प्रभावी गोळ्या अल्प किमतीत मिळतात.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने आपली फाइल उघडून डोळ्याचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना या तीन तपासण्यांच्या शेवटच्या तारखा शोधाव्यात. ज्या तपासणीची तारीख सापडणार नाही किंवा वर्षापेक्षा जुनी असेल, ती याच महिन्यात करून घ्यावी. आणि रुग्ण स्वतः टाळाटाळ करत असेल, तर ती भेट ठरवण्याची जबाबदारी घरातील दुसऱ्या व्यक्तीने उचलावी.